पितळेची वाघीण

वाघीण म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर ताडोबाचं जंगल येत असेल. पण मराठीत आणखी एक वाघीण आहे. इंग्रजी 'वॅगन' आपल्या लोकांच्या जिभेवर रुळली आणि तिची वाघीण झाली. मालगाडीच्या डब्याला आजही मराठीत वाघीण म्हणतात. या लेखातली वाघीण मात्र तुमच्या तळहातावर मावेल एवढी आहे. लांबी सुमारे साडेसहा सेंटिमीटर, अंग पितळेचं. आणि ती तयार मिळत नाही. एका सपाट पत्र्यातून ती तुम्हालाच घडवायची असते.

हा छंद ब्रिटनमध्ये वाढला. लंडनचा 'द मॉडेल रेल्वे क्लब' १९१० साली सुरू झाला आणि तो आजही चालू आहे. छोट्या रेल्वेचा नाद असलेले तिथले बहुतेक लोक तयार इंजिनं आणि डबे विकत घेतात. पण काहींना डबा स्वतःच्या हातांनी जोडल्याशिवाय चैन पडत नाही. अशांसाठी पितळी संच मिळतात. पाकीट उघडलं की आत वहीच्या पानासारखा एक पत्रा, थोडी तार, काही ओतीव भाग आणि सूचनांचा कागद. डबा कुठेच दिसत नाही. तो त्या पत्र्यात लपलेला असतो.

तुम्ही कधी सोल्डरिंग केलं नसेल, तरी हे वाचा. यातली निम्मी गोष्ट तुमच्या आजीच्या स्वयंपाकघरात घडून गेलेली आहे.

जिचा फोटो कुणी काढला नाही

सुरुवातीला कुठली वाघीण निवडावी? आपण ब्रिटनमधली अगदी साधी घेऊ : कोळशाची १६ टनी पोलादी वाघीण.

तिचा जन्म दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला. १ जानेवारी १९४८ रोजी तिथल्या रेल्वे कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं, तेव्हा नव्या 'ब्रिटिश रेल्वे'च्या पदरात खासगी मालकीच्या ५ लाखांहून जास्त वाघिणी पडल्या. त्यातल्या बऱ्याच लाकडी आणि खिळखिळ्या होत्या. त्यांच्या जागी पोलादी वाघिणी बांधायचं ठरलं, आणि या एका प्रकारच्या २ लाखांहून जास्त वाघिणी रुळांवर आल्या.

तिची रचना अगदी सरळ. चार चाकं, पुढच्या-मागच्या चाकांत ९ फुटांचं अंतर, वर उघडी पोलादी पेटी. बाजूंना दारं, आणि एका टोकालाही दार. बंदरावर अख्खी वाघीण तिरकी करून कोळसा जहाजात ओतायचे, त्यासाठी ते टोकाचं दार. ते कुठल्या टोकाला आहे हे यार्डातल्या कामगाराला लांबून कळावं, म्हणून पेटीवर एक पांढरा तिरका पट्टा ओढलेला असे.

यातल्या असंख्य वाघिणींना इंजिनातून चालणारा ब्रेक नव्हता. पुढे इंजिनाचा ब्रेक, शेवटी गार्डच्या डब्याचा ब्रेक, आणि मधल्या साऱ्या वाघिणी तीन कड्यांच्या साखळीने एकमेकींना अडकवलेल्या. मोठा उतार आला की गाडी थांबवायची आणि काही वाघिणींच्या बाजूचे लांब दांडे हातांनी खाली दाबून अडकवायचे. मग गाडी कण्हत-खडखडत खाली उतरे.

पुढे घराघरांतली कोळशाची शेगडी गेली. ऑगस्ट १९६८ मध्ये ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य मार्गांवरून वाफेची इंजिनं गेली. माल ट्रकमधून जाऊ लागला, आणि या वाघिणींची रवानगी भंगारात झाली. नामांकित इंजिनं संग्रहालयात पोहोचली. वाघिणी मोजक्याच वाचल्या. आपल्याकडेही कोळशाच्या गाडीला आता दिसतात ते आठ चाकांचे लांब 'बॉक्सएन' डबे. चार चाकांच्या छोट्या वाघिणी तरुण वाचकांनी कदाचित पाहिल्याही नसतील.

रोज समोरून जाणाऱ्या वस्तूचा फोटो काढावा असं कुणाला वाटत नाही. म्हणून अशी वाघीण बांधणारा माणूस तिचे जुने फोटो शोधतो, आराखडे मिळवतो आणि दांडा कुठल्या बाजूला होता यावरून मित्रांशी वाद घालतो. त्या वादातून तिची आठवण टिकते.

प्लॅस्टिक सोडून पितळ का?

या वाघिणीचे प्लॅस्टिकचे संच मिळतात आणि रंगवलेले तयार डबेही मिळतात. मग हा खटाटोप कशाला?

उत्तर पेटीच्या कडेत आहे. ब्रिटनमधलं सर्वांत लोकप्रिय प्रमाण म्हणजे १ फुटाला ४ मिलिमीटर, म्हणजे खऱ्या वस्तूच्या सुमारे ७६ पट लहान. खऱ्या वाघिणीच्या भिंतीचा पत्रा ५ मिलिमीटर जाडीचा धरला, तर या प्रमाणात तो कागदाएवढा पातळ व्हायला हवा. प्लॅस्टिकची भिंत सहज १ मिलिमीटरची असते. बंद डब्यात ते लपून जातं. पण उघड्या पेटीची वरची कड डोळ्यांसमोरच असते, आणि ती जाड दिसली की वाघीण खेळण्यातली वाटते. पाव मिलिमीटरचा पितळी पत्रा खऱ्याच्या बराच जवळ जातो आणि तरीही हातात ताठ राहतो.

पत्र्यातला डबा

हे भाग कात्रीने कापलेले नसतात. ते रसायनाने कोरलेले असतात. याला एचिंग म्हणतात. तुमच्या घरात कुणी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला असेल, तर त्याने फेरिक क्लोराइडच्या द्रावणात सर्किट बोर्ड बुडवलं असण्याची दाट शक्यता आहे. तत्त्व तेच.

पितळी पत्र्याच्या दोन्ही बाजूंना प्रकाशाने घट्ट होणारा थर देतात. त्यावर आराखड्याची फिल्म ठेवून अतिनील प्रकाश टाकतात. जिथे थर घट्ट झाला तिथलं पितळ वाचतं, बाकीचं फेरिक क्लोराइड खाऊन टाकतं. गंमत अशी, की एखाद्या जागी दोन्ही बाजूंनी रसायन लागलं तर आरपार फट पडते, आणि एकाच बाजूने लागलं तर निम्म्या जाडीचा खळगा पडतो. हे अर्धं कोरणं फार उपयोगी आहे. पत्रा जिथे दुमडायचा तिथे अर्धी कोरलेली रेघ असते. जिथे रिव्हेट हवा तिथे मागच्या बाजूला अर्धा कोरलेला ठिपका असतो. बोथट सुईने तो मागून दाबला की पुढे इवलासा फुगवटा उठतो.

हे रासायनिक काम कारखान्यात झालेलं असतं. तुमच्या घरी येतो तो तयार पत्रा. त्यात सगळे भाग बारीक दांड्यांनी चौकटीला धरून असतात. या चौकटीला फ्रेट म्हणतात. भाग सुटे केल्यावर उरलेली चौकट फेकू नका. तीच तुमची सरावाची पाटी.

कल्हईवाल्याचं शास्त्र

आता आजीचं स्वयंपाकघर. दारावर कल्हईवाला यायचा. भट्टी पेटवायचा, भांडं तापवायचा, नवसागराची पूड टाकायचा. पांढरा धूर उठायचा. मग कथिलाची कांडी टेकवून कापसाने झरझर पुसलं की भांडं आतून चांदीसारखं उजळायचं.

सोल्डरिंग म्हणजे याच गोष्टीचं लहान रूप. सोल्डरमध्ये मुख्यतः कथिल असतं. नवसागर करायचा ते काम इथे फ्लक्स करतो. पितळेवर हवेने जी अदृश्य पुटं चढतात ती तो काढून टाकतो, म्हणजे वितळलेलं कथिल धातूला मिठी मारतं. फ्लक्स नसेल तर सोल्डरचा थेंब अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखा नुसता घरंगळतो.

यातून तीन नियम निघतात.

पहिला : पितळ स्वच्छ हवं. देवाची भांडी आपण चिंचेने घासतो, तेव्हा चिंचेतलं आम्ल हीच पुटं काढत असतं. पत्रा बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासा आणि मग त्यावर बोटं उमटवू नका. बोटांचं तेलही आड येतं.

दुसरा : सोल्डर उष्णतेकडे धावतं. सोल्डर वितळवून सांध्यावर टाकायचं नसतं. आधी पितळ तापवायचं. सांधा तापला की सोल्डर आपणहून फटीत शिरतं. लांब शिवणीला २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न बहुधा कमी पडतं, कारण पितळ उष्णता भराभर दूर पळवतं. ४० ते ५० वॅटचं आणि चपट्या टोकाचं घ्या. गरम आयर्न दोन सेकंद टेकवणं हे कोमट आयर्न पंधरा सेकंद घासत बसण्यापेक्षा कधीही चांगलं.

तिसरा : शेवटी धुवायचं. फ्लक्समधलं आम्ल राहिलं, तर पितळेवर हिरवट डाग येतात. कल्हई गेलेल्या भांड्यात ताक कळकतं ना, तोच हा कळंक. रोजचं काम संपलं की वाघीण कोमट पाणी, साबण आणि जुना टूथब्रश यांनी स्वच्छ करा.

पेटी उभी राहते

टेबलावर जाड काच किंवा गुळगुळीत फरशीचा तुकडा ठेवा. भाग चौकटीतून सोडवण्याआधी रिव्हेट दाबून घ्या, नंतर लहान तुकडा हातात धरवत नाही. मग धारदार पात्याने दांडी कापा आणि उरलेलं टोक कानशीने घासा.

दुमडताना कोरलेली रेघ बहुधा आतल्या बाजूला येते. दोन पोलादी पट्ट्यांमध्ये पत्रा पकडा आणि एकाच दमात काटकोनात वळवा. पुढे-मागे करू नका. त्या जागी पत्रा निम्म्याच जाडीचा असतो आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी तो तुटतोच. वळवून झाल्यावर आतून सोल्डरची बारीक रेघ भरली की कोपरा पक्का होतो.

आता चार भिंती जोडायच्या. इथे नवखे सगळे एकच चूक करतात. पहिला कोपरा वरपासून खालपर्यंत भरून टाकतात. तुम्ही तसं करू नका. शिंपी आधी कच्चा टाका घालतो, तसा प्रत्येक कोपऱ्याला सोल्डरचा एकच ठिपका द्या. मग काटकोन्या लावून पाहा. पेटी काचेवर ठेवून पाहा. सगळं सरळ असेल, तरच पक्की शिवण घाला.

चार पायांचं स्टूल

पेटीपेक्षा अवघड भाग खाली आहे. वाघिणीची चारही चाकं रुळाला टेकली पाहिजेत. एक चाक केसभर जरी वर राहिलं, तरी सांधा ओलांडताना डबा रुळावरून उतरतो.

तुमच्याकडे चार पायांचं स्टूल आणि जुन्या पद्धतीची तिवई असेल, तर दोन्ही ओबडधोबड अंगणात ठेवून पाहा. स्टूल डगमगेल, तिवई नाही. तीन पाय कुठेही नीट टेकतात. वाघीण बांधणाऱ्यांनी हेच सूत्र उचललं आहे. चाकांचा आस धरणारे पत्रे इंग्रजी 'डब्ल्यू' अक्षरासारखे दिसतात. त्यातली एका टोकाची जोडी पक्की बसवतात. दुसऱ्या टोकाची जोडी मधोमध एका तारेवर झोके घेईल अशी ठेवतात. म्हणजे पक्क्या टोकाचे दोन आधार आणि झुलत्या टोकाचा एक. चार चाकांची वाघीण आतून तिवई होते, आणि खालीवर झालेल्या रुळावरही चारही चाकं टेकून चालते.

दोन्ही आस एकमेकांना समांतर हवेत, नाहीतर वाघीण खेकड्यासारखी तिरकी चालते. वजनही हवं. एका आसाला साधारण २५ ग्रॅम, म्हणजे चार चाकांना ५० ग्रॅम, हे प्रमाण अनेक जण पाळतात.

चाकं मागवताना मात्र एक प्रश्न विचारला जाईल : रूळ कुठला? ४ मिलिमीटरच्या प्रमाणात तीन रुंदी प्रचलित आहेत. बाजारात सर्वत्र मिळणारा रूळ १६.५ मिलिमीटरचा. खऱ्या १४३५ मिलिमीटरच्या मापाने हिशेब केला तर तो अरुंद पडतो. बिनचूक आकडा १८.८३. दोघांच्या मधला तोडगा १८.२. पहिल्या वाघिणीला १६.५ घ्या आणि या वादात पडू नका. तो वाद तिकडे कित्येक दशकं चालू आहे.

अर्धा मिलिमीटर

आता जे सांगायचं आहे ते कुठल्याच सूचनांच्या कागदावर नसतं.

तुमची पहिली वाघीण वाकडी होणार. तिसऱ्या किंवा चौथ्या संध्याकाळी तुम्ही ती काचेवर ठेवाल, आणि एका कोपऱ्याखालून दिव्याची बारीक फट दिसेल. अर्धा मिलिमीटर असेल फार तर. शिवण घालून झालेली असेल. घरचे म्हणतील, छान झालीय की, कुणाला कळतंय? खरंच, कुणालाही कळणार नाही. तुम्हाला कळेल.

अशा वेळी पितळेचा मोठेपणा लक्षात येतो. प्लॅस्टिकचा संच चिकटवणारं रसायन दोन्ही भाग विरघळवून एक करतं. तिथे चुकलं की चुकलं. लाकडात करवत चुकली की फळी गेली. सोल्डरचं तसं नाही. शिसं-कथिलाचं नेहमीचं सोल्डर १८३ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळायला लागतं आणि पितळ वितळायला ९०० अंशांच्या वर जावं लागतं. म्हणजे तुम्ही सांधा पुन्हा तापवलात, तर फक्त सांधा सुटतो. पितळ जसंच्या तसं राहतं. कोपरा मोकळा करा, सरळ करा, फ्लक्स लावा आणि पुन्हा जोडा. हवं तर तीनदा करा.

फक्त एक धीर लागतो. दिसायला पूर्ण झालेली वस्तू स्वतःच्या हातांनी पुन्हा उघडायचा धीर. पंचविशीतल्या माणसालाही तो सहज जमत नाही आणि सत्तरीतल्यालाही नाही. फट तशीच ठेवून पुढे जाणारेही खूप आहेत आणि त्यांच्या वाघिणी कपाटात छान दिसतात. पण रुळावर ठेवल्या की त्याच त्याच वळणावर उतरतात. ज्याने कोपरा उघडला, त्याची वाघीण चालते.

शेजारचा सांधा सुटू नये म्हणून ओला कापूस त्यावर ठेवा, उष्णता तिथपर्यंत पोचत नाही. आणि काम आखतानाच क्रम लावा : आधी जास्त तापमानाला वितळणारं सोल्डर, नंतरच्या बारीक भागांना १४५ अंशांचं. ओतीव पांढऱ्या धातूचे भाग मात्र साध्या आयर्नखाली क्षणात वितळून जातात. त्यांना ७० अंशांचं खास सोल्डर लागतं. नवख्यांनी ते सरळ इपॉक्सीने चिकटवावेत.

घरात मुलं असतील तर

हे वाचल्याशिवाय आयर्न प्लगला लावू नका.

नेहमीच्या सोल्डरमध्ये शिसं असतं, आणि शिसं लहान मुलांना व गरोदर स्त्रियांना विशेष घातक आहे. काम करताना खाणं-पिणं नाही. काम झालं की साबणाने हात धुवायचे आणि टेबल ओल्या फडक्याने पुसायचं. स्वयंपाकघराचा ओटा यासाठी वापरू नका. शिसं नसलेलं सोल्डरही मिळतं. ते वितळायला थोडी जास्त उष्णता लागते एवढंच.

धूर येतो तो फ्लक्सचा. तोही नाकातोंडात जाऊ नये म्हणून खिडकी उघडी ठेवा. डोळ्यांवर चष्मा हवा, कारण तापलेला फ्लक्स तडतडतो आणि तारेचे तुकडे उडतात. आयर्नला जड स्टँड हवा आणि त्याची वायर कुणाच्या पायात येणार नाही अशी हवी. लहान मुलांनी रिव्हेट दाबावेत, रंग द्यावा, आकडे लिहावेत. आयर्न मोठ्यांनी धरावं.

सुरुवात कुठून करायची?

संच ब्रिटनमधून मागवावा लागतो. टपालखर्च आणि सीमाशुल्क धरूनच हिशेब करा. बाकीचं सामान इथेच मिळतं. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची तपकीर गल्ली, बेंगळुरूचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट, दिल्लीचं लाजपत राय मार्केट, यांपैकी कुठेही आयर्न, सोल्डर आणि फ्लक्स एका फेरीत मिळेल. राळेचा फ्लक्स पाण्याने निघत नाही. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा लागतो.

संच येईपर्यंत पितळी पत्र्याचा एखादा तुकडा आणा, त्याच्या पट्ट्या कापा आणि एकमेकींना काटकोनात जोडा. जोडा, सोडवा, पुन्हा जोडा. दहा वेळा केलंत की हाताला कळायला लागतं.

आणि मनात आपलीच वाघीण असेल, तर हिशेब सुरेख जमतो. आपल्या ब्रॉडगेजची रुंदी साडेपाच फूट. फुटाला ४ मिलिमीटर धरले तर रूळ बरोबर २२ मिलिमीटरचा होतो. नेरळ-माथेरानची दोन फुटी गाडी ८ मिलिमीटरच्या रुळावर बसते.

छोटी रेल्वे कशी चालते हे आधी पाहायचं असेल, तर पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेलं 'जोशीज् म्युझियम ऑफ मिनिएचर रेल्वेज' आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात खरे जुने डबे जवळून पाहता येतात. तिथे गेलात तर इंजिनासमोर फोटो काढून परत फिरू नका. वाकून एखाद्या डब्याच्या खाली बघा. दांडा कुठे आहे, आस कसा धरलाय, साखळीला कड्या किती.

शेवटी वाघिणीला प्राइमर द्या, मग करडा रंग. आतून गंजाचा तांबूस हात फिरवा, कारण ओल्या कोळशाने खऱ्या पेट्या अशाच गंजायच्या. पांढरा तिरका पट्टा ओढा. रूळ अगदी किंचित तिरपा करा आणि वाघीण वरच्या टोकाला ठेवून बोट काढा. ती आपणहून निघेल. रुळाच्या सांध्यावर आधी पुढची चाकं वाजतील, मग मागची.

ऐका. चारही टेकली असतील, तर दोनच आवाज येतात.